कापूस इथला, कसब कुणाचे?

मारेगाव, वणी, झरी-जामणी या पट्ट्यात एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते: कापूस आमचा आणि कापड दुसऱ्याचे. तक्रार खरी आहे, पण तिची नेहमीची कारणमीमांसा अपुरी आहे. भांडवल आले नाही, वीज आली नाही, पुढाऱ्यांनी लक्ष दिले नाही, एवढ्यावर आपण थांबतो. कापडधंद्याचा इतिहास वेगळे सांगतो. हा धंदा कापसाच्या शेजारी नव्हे, कसबी माणसांच्या शेजारी उभा राहतो. पोर्तुगालमध्ये कापसाचे म्हणावे असे पीक नाही. विसाव्या शतकात मोझांबिकच्या शेतकऱ्यांवर कापसाची सक्ती लादून तो पोर्तुगालला नेला गेला. तरीही उत्तरेकडच्या आवे नदीच्या खोऱ्यात, गिमाराइशच्या आसपास, कापडगिरण्या टिकल्या. कारण त्या भागातली घरे त्याआधीपासून जवसाच्या धाग्याचे कापड विणत आली होती. माल बाहेरून आणता आला, कसब मात्र घरचे होते. वऱ्हाडात याच्या उलट घडले: माल राहिला आणि कसब विरून गेले.

ते कसब इथे होते, याचे पुरावे भरपूर आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोष्टी तर विणकर आहेतच, पण महार समाजाच्या कामांत जाडेभरडे कापड विणणे हेही ठळकपणे नोंदले आहे. म्हणजे विणकाम हे काही शहरी पेठांपुरते नव्हते, ते गावकुसाबाहेरही चालत होते. कापसापासून कापडापर्यंत पायरीपायरीला जाणती बोटे लागत. वेचणी सकाळच्या गारव्यात करायची, कारण ऊन चढले की बोंडाची वाळलेली पाने चुरडून कापसात मिसळतात. मग रेच्यावर सरकी काढायची, पिंजाऱ्याने रुई पिंजायची, पेळू वळून सूत काढायचे, ताण्याला खळ द्यायची आणि शेवटी मागावर धोटा फेकायचा. खळ कमी पडली तर ताणा तुटतो, जास्त झाली तर कडक होतो. ही जाण पुस्तकात नव्हती, हातात होती.

ही साखळी मोडली ती व्यापाराने आणि धोरणाने. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांची नजर इकडे वळली. त्यानंतर रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखा खास कापूस आयुक्त नेमला गेला. 1867 मध्ये नागपूरपर्यंत आणि 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोचली. वणी तेव्हा जिल्ह्याचे नाव होते. 1905 मध्ये ते यवतमाळ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज आली, तीही गाठी वाहून नेण्यासाठीच. जाताना कापूस आणि येताना विलायती कापड, अशी ती वाहतूक होती. पिकावरही परिणाम झाला. हिंगणघाटच्या नावाने ओळखली जाणारी लांब धाग्याची बनी मागे पडली आणि जास्त उतारा देणारे आखूड धाग्याचे वाण पसरले. वजनाला पैसा मिळू लागल्यावर धाग्याची पारख कोण करणार?

हातमाग तसाही यंत्रापुढे टिकला नसता, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. लँकेशायरचे हातविणकरही देशोधडीला लागले. पण तिथे गिरण्या त्याच खोऱ्यांत उभ्या राहिल्या आणि विणकरांची मुले-नातवंडे त्यांत शिरली. जुने काम मेले, पण सुताची जाण नव्या कामात उतरली. आपल्या तालुक्यांच्या वाट्याला फक्त जीन आणि प्रेस आले. तिथे सरकी निघते, रुईची गाठ बांधली जाते आणि ट्रक निघून जातो. काम हंगामी आणि बहुतेक ओझ्याचे. अशा कामातून कारागीर घडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे: इथल्या माणसाला गिरणीचे काम जमत नाही. याचे उत्तर नागपूरने दिले आहे. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. सुरुवातीला कामगारांची हजेरी अनियमित होती, हे खरे. टाटा आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी त्यावर बक्षिसे, ग्रॅच्युइटी आणि पुढे प्रॉव्हिडंट फंड असे उपाय केले. लँकेशायर सूतकताईच्या जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून असताना, 1880 च्या दशकात याच कामगारांनी नवी रिंग यंत्रे चालवून दाखवली. जमत नव्हते ते काम नव्हे. टिकून राहण्यासारखी नोकरीच नव्हती. शिवाय काही दारे आपणच बंद केली. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणाई खात्यात मज्जाव होता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्यांचे बाप-आजे गावात माग चालवत, त्यांनाच गिरणीच्या मागापासून दूर ठेवले गेले.

आज यवतमाळजवळ रेमंडचा डेनिम कारखाना आहे, आणि अमरावतीच्या पीएम मित्र या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. या घटना महत्त्वाच्या आहेत. मात्र शेड आणि सवलती मोजून त्यांचे यश ठरणार नाही. मारेगावची मुलगी तिथे पॅकिंगला लागते की यंत्र लावायला, रंग जुळवायला, कापडातला दोष ओळखायला शिकते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याला शिकवण्याइतकी त्याच जागी टिकते, हा खरा हिशेब आहे. नाहीतर गाठी गुजरातऐवजी अमरावतीला जातील, एवढाच फरक पडेल.