दुनळी बंदुका, आयात (जत परिसर)

शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन नळ्यांतून छर्‍यांची काडतुसे उडविणाऱ्या परदेशी बंदुका. ब्रिटिश अमदानीत संस्थानिक, जहागीरदार व सधन इनामदार यांच्या घरी त्या आल्या. डफळे घराण्याच्या जत संस्थानचे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले; जहागिरी गेल्या, पण बंदुका वारसांकडे राहिल्या. त्यामुळे त्यांच्या टिकाऊपणाचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

नेहमीचे माप बारा बोअर. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एक नळीत बसते, व्यास सु. १८·५ मिमी. ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश बंदुका महाग. स्वस्त माल मुख्यतः बेल्जियममधील ल्येझचा. तेथे सुटे भाग कारागीर घरोघर घडवीत, त्यामुळे दर्जा एकसारखा नसे. वेस्टली रिचर्ड्स या प्रतिष्ठित नावाचा भास व्हावा म्हणून नुसते ‘रिचर्ड्स’ कोरण्याची चलाखीही होई. म्हणून कोरलेल्या नावापेक्षा नळीखालील चाचणीची मुद्रा पाहणे इष्ट. ल्येझच्या मुद्रेत लंबवर्तुळात ई. एल. जी. ही अक्षरे असतात. वर मुकुट असल्यास बंदूक १८९३ नंतर तपासलेली समजावी.

लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून जोडलेली ‘दमास्कस’ नळी दिसण्यास सुंदर, पण सांध्यांत मळी राहिलेली असू शकते. काळ्या दारूसाठी केलेल्या अशा नळीत धूरविरहित दारूचे काडतूस उडविणे म्हणजे डाव्या हाताची बोटे पणास लावणे होय. स्वस्त बंदुकांवर ही नक्षी नुसती वरून उठविलेलीही आढळते. कोठी ६५ मिमी. व काडतूस ७० मिमी. असेल, तर काडतुसाचे तोंड पुरते उघडत नाही व दाब वाढतो. काडतूस सहज आत बसते, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही.

नळ्या सुट्या करून बोटावर टांगाव्यात व हलकेच वाजवाव्यात. स्वच्छ नाद चांगला. बद्द आवाज आल्यास मधल्या पट्टीचे डाखकाम सुटलेले असते. पुढची लाकडी मूठ काढून बंदूक हलविली असता बिजागरी खुळखुळू नये. आतून आरशासारखी चकाकणारी जुनी नळी संशयास्पद मानावी; गंजाचे खड्डे घासताना तिची जाडी कमी झालेली असू शकते. तेल मुरून दस्त्याचे लाकूड कुजणे हा दोष त्या मानाने किरकोळ.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असून २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका ठेवता येतात. ज्या घरात तीन होत्या, तेथे कोणती द्यावी हे ठरविताना हीच परीक्षा करावी लागली.