माल कोणी चढवला?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय, म्हणजे बहुतेक लोकलमध्ये आहात आणि हेडफोन घरी राहिलाय. चालेल.

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. स्टुडिओतला. अंगात कोट, मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी. कोट स्टुडिओवाल्याचा, कुंडीही त्याचीच. आजोबांचं स्वतःचं म्हणाल तर फक्त मान. ती थोडी डावीकडे झुकलेली, कारण सगळी उमर मशीद बंदरला डोक्यावर पोती वाहिलेली. गोदामातून हातगाडीवर, हातगाडीवरून ट्रकमध्ये. डोक्यावर चुंबळ, हातात हूक. पण त्या हुकासकट त्यांचा एकही फोटो नाही. त्या कामाचा पुरावा म्हणून आमच्याकडे फक्त ती मान आहे.

म्हणून मी ठरवलं की माल चढवतानाचे फोटो काढायचे. पहिल्याच दिवशी एका मालधक्क्यावर अडवलं. ‘परवानगी कुठाय? डिलीट करा.’ केले. वॅगनमध्ये सिमेंटच्या गोण्या चालल्या होत्या, अणुबॉम्ब नव्हे. रागच आला. पण घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की या रागाला मोठा इतिहास आहे.

चला अमेरिकेत, १९४२ च्या अखेरीस. युद्ध चालू आहे. आणि तिथलं सरकार एका फोटोग्राफरला चक्क पगार देऊन सांगतंय, जा, रेल्वेचे फोटो काढ. त्याचं नाव जॅक डेलॅनो. जन्म १९१४, युक्रेनमधला. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. त्याचा साहेब रॉय स्ट्रायकर, हा मूळचा अर्थशास्त्राचा माणूस. तो फोटोग्राफरांना आधी विषयाचा अभ्यास करायला लावायचा आणि काय काय टिपायचं त्याच्या याद्या द्यायचा. (तेवढाच कडकसुद्धा. नापसंत निगेटिव्हला सरळ भोक पाडायचा!)

डेलॅनो शिकागोच्या मालगाड्यांच्या यार्डांत फिरला. प्रोव्हायसो नावाचं यार्ड तर अवाढव्य. तिथं आलेली मालगाडी तोडायची, डबे दिशेप्रमाणे वेगळे करायचे, परत नवीन गाडी जोडायची, आणि हे रात्रंदिवस. डेलॅनोनं संध्याकाळच्या अंधारात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं. कंदील हलवून इशारे देणारा माणूस फोटोत जेमतेम दिसतो, पण त्याच्या दिव्याच्या रेषा मात्र राहतात. आपण आज फोनमध्ये ‘नाइट मोड’ लावतो ना, त्याचा हा पणजोबा समजा.

एप्रिल १९४३ मध्ये त्यानं शिकागोतल्या लष्कराच्या मालडेपोचा रंगीत फोटो घेतला. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेला माल तिथं एकत्र करून गाड्यांत भरायचे. युद्ध म्हटलं की आपल्याला रणगाडे आठवतात. इथं दिसतात खोकी. खोक्यांवर खोकी. मला विचाराल तर युद्ध खरं कसं चालतं हे त्या खोक्यांवरून जास्त कळतं.

आणि मला सगळ्यात आवडली ती गोष्ट म्हणजे फोटोखालच्या ओळी. इंजिन धुणाऱ्या बायका, सांधे बदलणारे, गार्ड, यांतल्या कितीतरी जणांची नावं त्यानं लिहून ठेवली. हे फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, इंटरनेटवर फुकट बघता येतात.

आता वर्षभरानं पुढे या, आपल्या मुंबईत. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट धक्क्याला लागून दोन दिवस झालेत. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. सोन्याच्या विटाही. आणि वाटेत कराचीला चढवलेल्या कापसाच्या जवळपास ८,७०० गाठी. इथं जरा थांबा. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत, एकमेकांना लागून. माल कुठल्या क्रमानं, कशाशेजारी भरायचा, हे हमालाला कळतं, ट्रकवाल्याला कळतं. पण युद्धात जागेची टंचाई होती, म्हणून भरला. दुपारी आग दिसली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो यामुळेच.

सुधीश घटक नावाच्या छायालेखकानं, म्हणजे ऋत्विक घटकांच्या थोरल्या भावानं, त्या स्फोटांचं चित्रण केलं होतं. लष्करानं ती फिल्म जप्त केली. काही भाग पुढे न्यूजरीलमध्ये लोकांना दिसला, एवढंच. सेन्सॉर इतकं कडक की तपशीलवार बातमी आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दिली. आपल्याकडच्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवायला मे महिना उजाडला.

एकच युद्ध, एकाच बाजूची दोन सरकारं. एक म्हणतं काढ फोटो, दुसरं म्हणतं आण इकडे. अमेरिकेचं सरकार काही संत नव्हतं हो, त्याला स्वतःच्या ताकदीचा प्रचार हवा होता. पण त्या प्रचाराच्या नादात हमालाचं नाव तरी कागदावर आलं.

आपल्याकडे ते यायला वेळ लागला. हमाल कोणाचा नोकर? व्यापारी म्हणणार, माझा नाही. ट्रकवाला म्हणणार, माझा नाही. मग अपघात झाला, पाठ गेली, तर जायचं कोणाकडे? अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगाराची मंडळाकडे नोंद, मालकाचीही नोंद, मजुरीबरोबर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. आजोबा त्या नोंदवहीत होते. फोटोत नव्हते, पण वहीत होते. आजी सांगते, ते कार्ड ते देव्हाऱ्यात ठेवायचे.

मागच्या महिन्यात वाशीच्या बाजारात गेलो. या वेळी शहाणपणानं आधी मुकादमांना विचारलं. कांद्याचा टेम्पो भरत होते. एक काका फळी चढून वर गेले, पोतं टाकलं, वळले, आणि मी क्लिक केलं. खाली येऊन त्यांनी फोन मागितला, फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, ‘पाय बरोबर आलाय. फळीवर पाय असाच पाहिजे, नाहीतर माणूस गेला.’

मी विचारलं, खाली काय लिहू काका?

‘नाव लिही,’ ते म्हणाले. ‘आणि टोळी नंबर पण टाक. एकट्यानं कुठं गाडी भरते?’