शाही छावणीतील आज्ञापालन आणि मूक नकार : येसूबाई व शाहू महाराज यांच्या बंदिवासाचा एक अभ्यास (१६८९–१७१९)

प्रस्तावना

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास प्रामुख्याने रणांगणावर लिहिला गेला आहे. छत्रपती राजाराम महाराजांचा जिंजीचा वेढा, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या धाडसी मोहिमा आणि महाराणी ताराबाईंचे नेतृत्व हे या काळाचे ठळक विषय होत. याच काळात मोगल बादशहाच्या छावणीत, त्याच्या डोळ्यांसमोर, एक वेगळा लढा चालू होता. त्यात शस्त्र नव्हते व उघड बंडही नव्हते. छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि पुत्र शाहू हे त्या लढ्यातील दोन प्रमुख घटक होते. वरवर पाहता ते बादशहाची प्रत्येक आज्ञा शिरसावंद्य मानत होते. तरीही ज्या गोष्टीसाठी त्यांना छावणीत ठेवण्यात आले होते, ती गोष्ट बादशहाला त्यांच्याकडून मिळाली नाही. या बाह्य आज्ञापालनाचे व त्याआड जपलेल्या नकाराचे स्वरूप, त्याची किंमत आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या बंदिवासातील चार महत्त्वाची वर्षे आजच्या सोलापूर जिल्ह्यात भीमाकाठी गेली असल्याने प्रादेशिक इतिहासाच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

बंदिवासाची पार्श्वभूमी

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची क्रूर हत्या करण्यात आली. त्या वेळी शाहू अवघे सहा वर्षांचे होते. रायगडाला मोगलांचा वेढा पडत असताना येसूबाईंनी घेतलेला निर्णय त्यांच्या राजकीय दृष्टीचा निदर्शक आहे. आपल्या पुत्राच्या हक्काचा आग्रह न धरता त्यांनी राजाराम महाराजांना राज्यकारभार हाती घेऊन गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला. एकाच ठिकाणी सर्व राजघराणे शत्रूच्या हाती पडू नये, हा त्यामागील विचार होता. १६८९च्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई, शाहू, शिवछत्रपतींच्या पत्नी सकवारबाई आणि इतर परिवार मोगलांच्या ताब्यात गेला. हा विजय मिळविणाऱ्या इतिकादखानास ‘जुल्फिकारखान’ हा किताब मिळाला. सात वर्षांच्या कैद्याला ‘राजा’ हा किताब व सात हजारी मनसब मिळाली.

कैद्याला मनसब देण्याची ही कृती वरकरणी विसंगत वाटते. पण तीत मोगल राजनीतीचे सूत्र दडलेले आहे. मनसबदार हा बादशहाचा नोकर असतो. शिवाजी महाराजांचा नातू बादशहाचा नोकर म्हणून वाढला, दरबारी रीतीत मुरला आणि पुढे आपला धर्मही सोडता झाला, तर स्वराज्याच्या कल्पनेतील प्राणच निघून जाईल, असा हा हिशेब होता. शरीर कैदेत होतेच. आता मन घडवायचे होते.

छावणी : एक फिरते बंदिस्त जग

औरंगजेबाची दक्षिणेतील छावणी हे त्या काळातील एक आश्चर्य होते. १६९५ मध्ये गलगले येथे या छावणीला भेट देणाऱ्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने तिचे वर्णन सुमारे पाच लाख माणसांचे फिरते शहर असे केले आहे. बाजार, कारखाने, कचेऱ्या, मशिदी आणि जनानखाना हे सारे त्या शहरात होते. बादशहाच्या खाशा निवासाभोवती ‘गुलालबार’ हे बंदिस्त आवार असे. शाहू व येसूबाई यांचे डेरे याच आवाराच्या कक्षेत ठेवलेले होते. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिचे या मायलेकरांवर लक्ष असे आणि तिने त्यांच्याशी ममतेने वर्तन केले, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे.

१६९५च्या मे महिन्यात ही छावणी भीमाकाठच्या ब्रह्मपुरी येथे आली. मंगळवेढे तालुक्यातील हे गाव माचणूरच्या शेजारी आहे. बादशहाने ब्रह्मपुरीचे नाव ‘इस्लामपुरी’ असे ठेवले आणि ऑक्टोबर १६९९ पर्यंत येथूनच साम्राज्याचा कारभार चालविला. माचणूरचा किल्ला आजही त्या वास्तव्याची साक्ष देत उभा आहे. गावाचे नाव बदलले, माणसांचे किताब बदलले. याच काळात शाहू तेराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत वाढत होते. माणसाचे मन घडण्याचे नेमके हेच वय. बाहेर संताजी व धनाजी मोगली फौजांचा पाडाव करीत होते. त्या बातम्यांवर आनंद व्यक्त करणे या मुलाला परवडणारे नव्हते आणि दुःख व्यक्त करणे त्याला मानवणारे नव्हते. अशा परिस्थितीत मौन आणि शिष्टाचार हेच संरक्षण ठरते. ते शिकविण्याचे काम येसूबाईंशिवाय दुसऱ्या कोणाला शक्य नव्हते. संभाजी महाराजांच्या काळात स्वतःची मुद्रा वापरून राज्यकारभार पाहिलेली ही स्त्री आता एका डेऱ्याचा कारभार पाहत होती.

आज्ञापालन आणि नकार : तीन प्रसंग

या दोघांच्या वर्तनाचे स्वरूप तीन प्रसंगांतून स्पष्ट होते.

पहिला प्रसंग अन्नाचा आहे. १७००च्या सुमारास शाहूंची प्रकृती खालावल्याचे बादशहाच्या कानावर घालण्यात आले. कारण विचारता असे कळले की, कैदेत असता हिंदू शिजविलेले अन्न घेत नाहीत, म्हणून शाहू केवळ मिठाई, फळे यांसारख्या पदार्थांवर राहतात. त्यावर बादशहाने निरोप धाडला, की तू कैदेत नाहीस, स्वतःच्या घरी आहेस, तेव्हा अन्न घेत जा. दरबारी अखबारातील ही लहानशी नोंद फार बोलकी आहे. मुजरा, खिलत, मनसब या सर्व गोष्टी शाहूंनी स्वीकारल्या होत्या. परंतु रोजच्या जेवणाच्या वेळी ते एक विधान करीत होते : हे घर नव्हे, ही कैद आहे. हे विधान आज्ञाभंगाच्या व्याख्येत बसत नव्हते. ते धर्माचाराच्या आडोशाने केलेले होते. म्हणूनच बादशहाला शिक्षा करता आली नाही, समजूत घालावी लागली. कैद की घर, या एका शब्दावरच सारा झगडा होता आणि अठरा वर्षांच्या या तरुणाने तो शब्द सोडला नाही.

दुसरा प्रसंग विवाहाचा आहे. बादशहाच्या संमतीने छावणीतच शाहूंचे विवाह झाले. सिंदखेडकर जाधवांच्या घराण्यातील अंबिकाबाई आणि कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातील सावित्रीबाई या वधू होत्या. नववधूस पाहण्याची इच्छा बादशहाने प्रकट केली. नकार देणे धोक्याचे होते आणि कुलस्त्रीला दरबारी नेणे रीतीविरुद्ध होते. परंपरेने आलेल्या हकिकतीनुसार अशा वेळी वधूच्या पोशाखात तिची दासी विरूबाई हिला बादशहासमोर पाठविण्यात आले. आज्ञा अक्षरशः पाळली गेली आणि तिचा आशय मात्र टाळला गेला. या हकिकतीला पुढील घटनाक्रमाचा आधार मिळतो. विरूबाईस शाहूंच्या घरात पत्नीसमान मान मिळाला आणि साताऱ्याच्या राजवाड्यात तिचा शब्द चालत असे. शाहूंनी पुत्रवत् सांभाळलेल्या फत्तेसिंह भोसले यांचे संगोपन तिनेच केले. हेच फत्तेसिंह अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष होत.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर आहे. १७०३ मध्ये शाहूंनी इस्लाम स्वीकारावा असा आग्रह बादशहाने हमीदुद्दीनखानामार्फत धरला. येथे सोंगाला जागा नव्हती, कारण धर्मांतर एकदा झाले की वारसा संपला, हे दोन्ही पक्ष जाणून होते. शाहूंनी नकार दिला. संकट टळले ते दुसऱ्याच्या त्यागाने. सरनोबत प्रतापराव गुजर यांचे पुत्र खंडेराव व जगजीवन यांनी धर्मांतर केले. शाहूंवरील दडपण कमी व्हावे म्हणून खंडेरावांनी ते आपल्यावर घेतले, असे मराठी परंपरा सांगते. शाहूंनी पुढे या घराण्याला परळीच्या परिसरात उत्पन्न देऊन ऋण मान्य केले. मूक नकाराची किंमत नेहमीच नकार देणारा एकटा भरत नाही, ही गोष्ट या प्रसंगातून लक्षात घेतली पाहिजे.

बंदिवासाची दैनंदिन किंमत

या मोठ्या प्रसंगांआड रोजची ओढग्रस्तता होती. कागदावर सात हजारी मनसब असली तरी डेऱ्यातील परिवाराचा खर्च भागत नव्हता. येसूबाईंनी बंदिवासाच्या उत्तरकाळात चिंचवडच्या देवांना लिहिलेल्या पत्रातून कर्जाचा बोजा व हालाखी यांचे दर्शन घडते. जोत्याजी केसरकरांसारखे मोजके विश्वासू सेवक सोबत होते. छावणीतील जीवन निसर्गाच्या दृष्टीनेही सुरक्षित नव्हते. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोले तालुक्यातील खवासपूर येथे माण नदीला आलेल्या पुरात शाही तळ वाहून गेला आणि खुद्द बादशहाच्या गुडघ्याला कायमची दुखापत झाली. या अवस्थेत चिंचवडशी राखलेला पत्रव्यवहार हा केवळ द्रव्यसाहाय्यासाठी नव्हता. स्वदेशातील धर्मपीठाशी आपले नाते तुटलेले नाही, याची ती साक्षही होती.

तुलनात्मक विचार

पराभूत घराण्यातील मुलांना आपल्या दरबारी वाढविण्याची रीत अनेक साम्राज्यांत आढळते. अल्बानियाचा जॉर्ज कास्त्रिओती हा उस्मानी दरबारी ओलीस म्हणून गेला, मुसलमान झाला, ‘इस्कंदर’ या नावाने सुलतानाची चाकरी केली आणि १४४३ मध्ये निशच्या लढाईची संधी साधून स्वदेशी परतला व पूर्वधर्मात आला. मराठ्यांच्या इतिहासात नेतोजी पालकर यांचे उदाहरण याच्या जवळचे आहे. १६६७ मध्ये ते ‘मुहम्मद कुलीखान’ झाले आणि १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले. स्वतः महाराजांनी १६६६ मध्ये आग्ऱ्यास आजाराचे सोंग घेऊन सुटका करून घेतली होती. या सर्व उदाहरणांत सोंगाचा शेवट पलायनात झाला. येसूबाई व शाहू यांच्यापुढे पलायनाचा मार्ग नव्हता. त्यामुळे त्यांचे सोंग काही आठवड्यांचे राहिले नाही; ते आयुष्याची रीत बनले. येथेच या उदाहरणाचे वेगळेपण आहे आणि येथेच त्याचा धोकाही आहे.

सुटका आणि संशय

१७०७च्या मार्चमध्ये अहमदनगर येथे औरंगजेब मरण पावला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे शाहूंना जाऊ दिले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यामागील हेतू स्पष्ट होता. येसूबाई, सावित्रीबाई व इतर परिवार मात्र ओलीस म्हणून मागे राहिला. पुत्राच्या मार्गातून येसूबाईंनी दुसऱ्यांदा स्वतःला बाजूला केले : रायगडी दिरासाठी, दोराह्यास मुलासाठी.

परतलेल्या शाहूंपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो ओळखीचा. हा खरा शाहू की तोतया, आणि खरा असला तरी मोगलांच्या छायेत वाढलेला हा पुरुष कोणाचा, असा संशय ताराबाईंच्या पक्षाने घेतला. हा संशय केवळ सत्तेच्या लोभातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सतरा वर्षे उत्तम वठविलेले आज्ञापालन बाहेरून पाहणाऱ्याला खऱ्या आज्ञापालनाहून वेगळे कसे ओळखू यावे? धनाजी जाधव शाहूंना मिळाले, ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत शाहूंचा विजय झाला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. वारशाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. मनाचा प्रश्न शिल्लक राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर एकेरी नाही. परतीच्या मार्गावर शाहूंनी खुलताबाद येथे औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे सांगितले जाते. मोगल तख्ताविषयीचा आदर त्यांनी आयुष्यभर राखला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यांच्या अटींत दहा लक्षांची पेशकश आणि बादशहाच्या सेवेसाठी पंधरा हजार फौज यांचा समावेश होता. पितृहंत्याच्या वंशजांकडून सनदा घेणे हे बंदिवासातील संस्काराचे फळ मानता येईल. मात्र याच सनदांमुळे दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या महसुलातील वाटा मराठ्यांच्या हाती आला आणि याच मोहिमेत येसूबाई तीस वर्षांनी मुक्त होऊन साताऱ्यास परतल्या. तख्तासमोर वाकायचे आणि मुलूख आपल्या हाती ठेवायचा, ही शाहूकालीन मराठी राजनीती गुलालबारात शिकलेल्या वर्तनाचेच विस्तारित रूप होती, असे म्हणावयास जागा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. येसूबाई व शाहू यांचा प्रतिकार उघड विरोधाचा नव्हता. कोणत्या गोष्टी द्यायच्या आणि कोणत्या द्यायच्या नाहीत, याच्या निवडीत तो होता. मुजरा, किताब, पोशाख त्यांनी दिले किंवा घेतले. धर्म, वारसा आणि ‘ही कैद आहे’ ही जाणीव दिली नाही. हा प्रतिकार दोघांचा असल्यामुळेच टिकला. एकट्या बालकाचे मन अठरा वर्षांच्या लाडात व धाकात विरघळले असते. मातेच्या सहवासाने त्याला आपण कोण आहोत याचे भान राहिले. या प्रतिकाराची झळ मात्र खंडेराव गुजर, विरूबाई यांसारख्या इतरांनाही लागली आणि इतिहासाने त्यांची दखल पुरेशी घेतलेली नाही. अखेरची गोष्ट अशी, की दीर्घकाळ पांघरलेले सोंग माणसावर आपला ठसा ठेवतेच. शाहू महाराजांच्या सौम्य, तडजोडप्रिय स्वभावात त्याची खूण दिसते. बादशहाला हवा असलेला मोगल मनसबदार त्यांच्यातून घडला नाही, परंतु आजोबांच्या वृत्तीचा बंडखोरही त्यांच्यातून घडला नाही.

माचणूर–ब्रह्मपुरीच्या परिसराकडे आजवर औरंगजेबाचा तळ म्हणून पाहिले गेले आहे. त्याच तळावर एका मातेने आपल्या मुलाला दुसऱ्याच्या घरात राहूनही ते घर आपले न मानण्यास शिकविले, ही ओळखही स्थानिक इतिहासलेखनात नोंदविली जाणे आवश्यक आहे.