उमरठ परिसरातील आहार व पोषणाची गटनिहाय गरज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. 1670 च्या सिंहगडच्या लढाईमुळे या खोऱ्याचा इतिहास शौर्याच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. येथील माणूस ज्या अन्नावर राबला, त्याचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात महाड-पोलादपूरच्या डोंगरी भागातील आहार व निरनिराळ्या गटांची पोषणाची गरज यांचा विचार केला आहे.

वरकस जमिनीवरील आहार :
सह्याद्रीच्या उतारांवर भातखाचरे थोडी, वरकस जमीन अधिक. तीवर नाचणी व वरी घ्यावयाची आणि नंतर जमीन पड ठेवावयाची, ही जुनी रीत. नाचणीच्या भाकरीस कुळीथ, रानभाज्या व सुकी मासळी यांची जोड असे. हे अन्न गरिबीचे मानले गेले. तथापि 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडलेल्या तांदळात 10 मिलिग्रॅमहून कमी. उणीव होती ती प्रमाणाची. आषाढ-श्रावणात लावणीचे श्रम सर्वाधिक, तर कणगीतील धान्य सर्वांत कमी असे.

गरज मोजण्याचा प्रश्न :
कोणास किती अन्न लागते, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे 1876-78 च्या दुष्काळात उभा राहिला. त्याची मुख्य झळ देशावर बसली. परंतु त्यातून निघालेले निष्कर्ष सर्वत्र लागू पडतात. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरीचा हिशेब रोज एक पौंड धान्यावर आणला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्यास विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने श्रम करणारे व न करणारे, प्रौढ व मुले यांतील भेद मान्य केला.

स्थलांतर आणि स्त्रिया :
मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्यावर कोकणातील पुरुष तिकडे गेले व खानावळीत जेवू लागले. मागे राहिलेल्या स्त्रीवर शेती, सरपण व पाणी यांचा भार पडला. घरातील सर्वांचे झाल्यावर जेवण्याची रीत मात्र बदलली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार जड श्रम करणाऱ्या स्त्रीस रोज 2720 किलोकॅलरी लागतात. मध्यम श्रमाच्या पुरुषास 2710. लोहाची गरज तर प्रौढ पुरुषास 19 व स्त्रीस 29 मिलिग्रॅम आहे. भूमिहीन कातकरी कुटुंबांची स्थिती याहून कठीण आहे. वीटभट्टीवर स्थलांतर होताच मुलांचा गावच्या अंगणवाडीशी असलेला संबंध तुटतो.

समारोप :
2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी 5 किलो धान्य मिळते. गर्भवती, स्तनदा माता व बालके यांच्यासाठी स्वतंत्र तरतूदही आहे. पण लावणी करणाऱ्या स्त्रीचे श्रम माणशी हिशेबात येत नाहीत. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने तांदूळ व गहू आल्याने नाचणीही ताटातून मागे सरली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्याचा खरा लाभ व्हावयाचा तर वरकस जमिनीवरील नाचणी प्रथम ती पिकविणाऱ्या स्त्रीच्या ताटात पुरेशी पडली पाहिजे. धान्य माणशी मोजता येते. गरज मात्र वय, श्रम व शरीरावस्था पाहूनच मोजावी लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.