पीठ आणि तंबाखूची बिदागी

1845 च्या जुलैतली गोष्ट. सिडनी बंदराच्या तोंडाशी नॉर्थ हेडचा उंच कडा आहे. तिथल्या खडकांवर फार जुनी कोरीव चित्रं होती आणि दोन साहेबांना ती पाहायची होती. एक चित्रकार जॉर्ज फ्रेंच अँगस, दुसरे पोलीस आयुक्त विल्यम ऑगस्टस माइल्स. वाट दाखवायला त्यांनी कोरा गुजबेरीला गाठलं. अंगाभोवती सरकारी घोंगडी, डोक्याला रुमाल, तोंडात मातीची चिलीम अशी ही म्हातारी साऱ्या सिडनीला ठाऊक होती. बिदागी ठरली पीठ आणि तंबाखू.

कोरा आधी नाहीच म्हणाली. ती जागा कोराजींची, म्हणजे तिच्या लोकांतल्या मंत्र-औषध जाणणाऱ्यांची. तिथे आपण पाऊल ठेवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. शेवटी ती गेली, आणि वडिलांकडून त्या चित्रांबद्दल जे कानावर आलं होतं ते तिने पाहुण्यांना सांगितलं. वडील मूरूबूरा हे दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरल्या एका कुळाचे प्रमुख. त्या कुळाच्या नावातच ‘मुरू’ आहे, म्हणजे पायवाट.

आज सिडनीत मूळ रहिवासी स्वतः पाहुण्यांना शहर दाखवतात. पायी फेऱ्या आहेत, बोटीतून फेऱ्या आहेत. पर्यटनखात्याच्या पत्रकात त्या नव्या दिसतात. मला मात्र त्यांची पणजी ही कोराच वाटते. घासाघीस, नकार, मग वडिलांचं नाव घेऊन सांगितलेली गोष्ट, हे सगळं त्या एका दिवसात येऊन गेलं आहे.

कोराचा नवरा बंगारी हाही याच गोष्टीतला. ब्रोकन बेकडून तो सिडनीला आला. दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर 1802-03 मध्ये जहाजाने त्याने सगळ्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. या भूमीत जन्मून तसं करणारा तो पहिला. 1815 मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याच्या गळ्यात ‘ब्रोकन बेच्या टोळीचा प्रमुख’ असं कोरलेला पितळी पट्टा घातला आणि जॉर्जेस हेडला 15 एकर जमीन दिली. जमीन कुणाची आणि देणारा कोण! बंगारीला तो हिशेब नीट कळत असावा. कारण नवं जहाज बंदरात शिरलं की लष्करी अधिकाऱ्यांचा उतरलेला कोट चढवून तो होडीने त्याच्याकडे जाई, टोपी काढून वाके आणि आपल्या देशात पाहुण्यांचं स्वागत करी. 1820 मध्ये आलेल्या बेलिंग्सहाउझेनच्या रशियन मोहिमेलाही तो असाच भेटला. किनाऱ्याकडे बोट दाखवून त्याने ही आपली जमीन असल्याचं सांगितलं. गोऱ्यांनी त्याला गमतीचा माणूस ठरवलं, त्याची चित्रं काढली. पण वेशीवर उभं राहून आल्यागेल्याचं स्वागत कुणी करायचं? ज्याचं गाव त्याने. बंगारी ते 1830 साली मरेपर्यंत करत राहिला.

हे यजमानपण हरवणार होतं हे मात्र दिसतच होतं. 1789 च्या देवीच्या साथीत या बंदराभोवतीची निम्म्याच्या आसपास माणसं गेली. पुढे 1883 मध्ये मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणा’चं मंडळ आलं, त्यामागून राखीव वस्त्या. बॉटनी बेवरच्या ला पेरूझला अशी एक वस्ती होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राम थेट तिच्या दारापर्यंत पोचली. रविवारी शहर तिथे लोटू लागलं. पुरुष बूमरँग फेकून दाखवत आणि विकत. बायका शिंपल्यांनी मढवलेल्या चिमुकल्या सपाता आणि डब्या विकत. त्यातल्या एमा टिंबरी यांचं शिंपलेकाम 1910 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गेलं. या बायकांना केवळ खेळणी विकणाऱ्या म्हणणं मला पटत नाही. कुठली शिंपली कोणत्या किनाऱ्यावर आणि कधी मिळते हे आईकडून लेकीकडे गेलं, ते या विक्रीच्या आधाराने.

बंगारीच्या स्वागताची आठवण देणारी ‘वेलकम टू कंट्री’ ही रीत आज सर्वपरिचित आहे. तिची एक नावाजलेली सुरुवात सिडनीत नव्हे, पर्थला झाली. 1976 मध्ये तिथल्या महोत्सवात आलेल्या माओरी आणि कुक बेटांच्या कलाकारांनी सांगितलं, की या भूमीच्या माणसांनी स्वागत केल्याशिवाय आम्ही नाचणार नाही. पाहुण्यांनी यजमान शोधायला लावला! मूळ रहिवासी कलाकार रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो यांनी मग स्वागत केलं. दुसऱ्याच्या शिवेत परवानगी घेऊन शिरण्याची चाल जुनीच, पर्थला तिला रंगमंचावर रूप मिळालं. 2008 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांतल्या ज्येष्ठ मटिल्डा हाउस यांनी कॅनबेऱ्यात संसदेचं असं स्वागत केलं. हे स्वागत त्या जागेच्या लोकांनीच करायचं असतं. इतरांनी फक्त ऋण मानायचं. सिडनीत वाढणारी मराठी घरांतली मुलंही शाळेतल्या कार्यक्रमाआधी ते ऋणाचे शब्द ऐकतात.

सिडनीतल्या रेडफर्नच्या ‘ट्रायबल वॉरियर’ या संस्थेने याच शतकाच्या आरंभी बंगारीच्या आठवणीत बोटीने ऑस्ट्रेलियाला फेरी मारली. आता त्यांच्या तरुणांना खलाशाचं शिक्षण मिळतं आणि पाहुण्यांना बंदराची सफर. सफरीच्या एका बोटीचं नाव ‘मारी नावी’, मोठी होडी. नावी म्हणजे सालीची होडी. तिच्यात मातीच्या थरावर विस्तव ठेवून बायका शिंपल्याच्या गळाने मासे धरत आणि तिथेच भाजत. अशाच एका कोळिणीचं, बारंगारूचं नाव आता बंदरकाठच्या उद्यानाला आहे. तिथेही मूळ रहिवासी वाटाडे माणसांना फिरवतात, झाडं ओळखायला शिकवतात.

या फेऱ्यांमध्ये कधी कधी सांगणारा मधेच थांबतो. ही गोष्ट बायकांची आहे, ती मी सांगायची नसते, म्हणतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. कोराला नॉर्थ हेडच्या वाटेवर हेच म्हणायचं होतं. तेव्हा समोर पोलीस आयुक्त उभे होते, आणि घरी पीठ न्यायचं होतं.