पवनीचा खंदक आणि नगररचनेची विद्या

पवनीला कधी आलात तर एकदम बाजारात शिरू नका. आधी गावाच्या कडेने चाला. तीन अंगांना जुना तट आणि खंदक, चौथ्या अंगाला वैनगंगा. शाळेत आपण याला किल्ला म्हणतो आणि लढाईच्या गोष्टीकडे वळतो. पण गाव कुठे वसवायचे, पाणी कुठून आणायचे, पावसाळ्यात ते कुठे जाऊ द्यायचे, हा विचारही इथे कुणीतरी केलाच असेल ना?

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ब्राह्मीत, दान देणाऱ्यांची नावे आहेत. म्हणजे एवढे मोठे काम लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले. पुढे १८६७ साली पवनीला नगरपालिका आली आणि वर्गणीच्या जागी कर आला. वर्गणी देणाऱ्याचे नाव दगडावर राहते, कर भरणाऱ्याच्या हाती नुसती पावती. कुरकुर होते ती बहुधा म्हणूनच!

नगररचना ही शिकण्याची विद्या आहे, हे आपल्याकडे ठासून सांगितले पॅट्रिक गेडिस यांनी. हे स्कॉटलंडचे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवले. त्यांचा आग्रह असा, की नकाशावर रेघा ओढण्याआधी गाव पायी फिरा. सरसकट घरे पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. जिथे अडले तिथे थोडे मोकळे करा, जुनी विहीर, जुने तळे राखा, असे ते म्हणत. तळ्यांच्या या भंडारा जिल्ह्यात हे निराळे समजावून सांगायला नको.

आणि गावाची हद्द संपली म्हणून काम संपत नाही. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी आपल्याकडे येते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने ते अडवले. पूर्वी पुराबरोबर वाहून जाणारी घाण आता साचते. नागपूरच्या एखाद्या गटाराचा नकाशा चुकला, तर फळ पवनीच्या घाटावर.

तुमच्या वर्गातली हुशार मुले डॉक्टर, इंजिनीअर होऊ म्हणतात. त्यांना सांगा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून नगरपालिकेचा मुख्याधिकारी होता येते, सहायक नगररचनाकारही होता येते. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय घटनेत लिहिले. त्यांतला पहिला नगररचना हाच आहे. मात्र कायदा पाठ असला तरी पाण्याचा उतार ओळखता आला नाही, तर असा अधिकारी गावाच्या काय उपयोगाचा?

पहिला पाऊस पडला की मुलांना घेऊन खंदकावर या. सोबत कोरा कागद असू द्या. कोणत्या आळीचे पाणी कुठे उतरते, कुठे तुंबते, एवढे बाणांनी काढायला सांगा. पुस्तक त्या दिवशी शाळेतच राहू दे.