गाळलेला शब्द

१९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिन हाती आले आणि मधुमेहाचे कोडे सुटल्यासारखे वाटू लागले: शरीरात इन्शुलिन कमी, म्हणून रक्तात साखर अधिक. या समीकरणाला छेद दिला तो लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ साली. ते रुग्णाला तोंडाने ग्लुकोज देत आणि त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन. काहींच्या रक्तातील साखर चढत नसे; काहींची मात्र इन्शुलिन मिळूनही चढत जाई. पहिल्यांना त्यांनी इन्शुलिनला संवेदनशील म्हटले, दुसऱ्यांना असंवेदनशील. अभाव वेगळा आणि असंवेदन वेगळे, हा भेद असा भाषेत आला. परंतु रक्तातील इन्शुलिन नेमके मोजता येत नव्हते, तोवर तो तर्कच होता.

मोजण्याचे साधन ज्या वाटेने आले, ती वाट साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावी असे आम्हांस वाटते. कारण त्या वाटेत एक शब्द आडवा आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना आढळले, की इन्शुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याला बांधून ठेवणारे प्रथिन तयार होते. त्यांनी त्यास प्रतिपिंड म्हटले. इन्शुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होत नाही, हा तेव्हाचा दंडक. लेख साभार परत आला. १९५६ साली तो छापला गेला तो शीर्षकातून हा शब्द गाळल्यावर. तेथे 'इन्शुलिन बांधणारे ग्लोब्युलिन' हे सावध पद बसवले गेले. (संपादकांची कात्री केवळ कवितेवरच चालते असे नाही.)

पुढे हेच प्रतिपिंड मोजमापाचे साधन झाले. किरणोत्सारी इन्शुलिन आणि रुग्णाचे स्वतःचे इन्शुलिन त्यावरील मोजक्या जागांसाठी स्पर्धा करतात. रुग्णाचे जितके अधिक, तितके किरणोत्सारी मोकळे राहते. १९६० साली या रीतीने मोजले, तेव्हा प्रौढपणी मधुमेह जडलेल्या कित्येकांत ग्लुकोज घेतल्यानंतरचे इन्शुलिन निरोगी माणसांहून अधिक निघाले. हिम्सवर्थ यांच्या शब्दाला २४ वर्षांनी आकडा मिळाला. अभावाची कल्पना त्यामुळे बाद झाली असे मात्र नव्हे; या रुग्णांतही गरजेच्या मानाने इन्शुलिन अपुरेच पडते.

बर्सन १९७२ साली वारले. १९७७ साली यालो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी ते नकाराचे पत्रही समाविष्ट केले.